मरिबाचं तिसरं कडवं

संपादकांचा निरोप होता, की सरकारी समारंभात गाणी बसवताना झालेल्या गमती लिहून पाठवा. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन सांगणारच आहे. पण ज्या गाण्यामुळे नांदेड-लातूरकडचे लोक मला ओळखतात, त्याच्याबद्दल मी आयुष्यभर एक खोटी गोष्ट सांगत आलो. ती आधी दुरुस्त करतो.

ते गाणं पारंपरिक नाही. ते मरिबा नावाच्या माणसानं रचलं. त्याचं नाव त्या गाण्यात होतं आणि ते मी काढलं. काढ, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

मी संगीतशिक्षक. आधी नांदेडच्या एका खाजगी शाळेत, नंतर त्याच संस्थेच्या लातूरच्या शाळेत. शाळेत संगीतशिक्षकाला किंमत दोनच वेळा असते: गणिताचे मास्तर रजेवर गेले की आणि साहेब येणार असले की. पहिल्या वेळी वर्ग सांभाळायचा, दुसऱ्या वेळी गाणं बसवायचं. मी गाणी बरी बसवत असे. त्यामुळे शाळेबाहेरूनही बोलावणी यायची. झेंडावंदन, पुलाचं उद्घाटन, धरणाची पायाभरणी, जिथे जिथे खुर्च्या मांडल्या जात तिथे माझी पेटी जाई.

अशा गाण्याचं शास्त्र साधं आहे. मैफलीतलं गाणं बसून ऐकतात, हे उभं राहून ऐकतात. म्हणजे ते लांबता कामा नये. पोरांचा गळा आणि शिक्षिकांचा गळा यांना एकच पट्टी सोसली पाहिजे. मी पेटीवरची काळी चार धरत असे. वरच्या षड्जाच्या पलीकडे चाल फार जाऊ द्यायची नाही, नाहीतर मागच्या रांगा मुक्या होतात. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की पुढारी टाळ्या वाजवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवट. शेवट असा ठोक हवा, की गाणं संपलं, आता बसा, हे कुणी न सांगता कळलं पाहिजे. त्यासाठी ढोलकीवर तिहाई घ्यायची. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आदळायचं. तिसरा ठोका पडला की खुर्च्या करकरल्याच पाहिजेत. बशीरभाई हे माझे ढोलकीवाले. ते म्हणत, "मास्तर, अपनी तिहाई पे तो कलेक्टर भी बैठता."

उभं राहण्याचं शिक्षण मला फार लवकर मिळालं. मी पहिलीत होतो तेव्हा नांदेडला निजामाचं राज्य होतं. रोज सकाळी शाळेत त्या राज्याचं गीत उर्दूतून म्हणावं लागे. अर्थ आम्हा पोरांना कळत नसे, पण हात मांडीला चिकटवून मान सरळ ठेवायची हे कळत असे. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. शाळा बंद होती ती उघडली, तर तेच ड्रिलमास्तर, तीच पेटी, पण गाणं दुसरं. मास्तरांना नव्या गाण्याचे शब्द नीट येत नव्हते. पहिल्या दिवशी ते आमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बच्चो, गाना बदल्या है. खडे रहने का तरीका वोइच है."

तेव्हा आम्ही हसलो. पुढे मला वाटत आलं, की राज्याची गाणी म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला कुणीच सांगितलेलं नाही. शब्द नवे येतात, चाल नवी येते, पण कुणासाठी उभं राहायचं हे त्यातून ठरतं. माणसं सगळ्यात जास्त जपतात ते तेच.

गमतीही सांगतो. किनवटकडच्या एका वसतिशाळेत समारंभ होता. आयोजकांनी तबकडीवरचं गाणं लावायचं ठरवलं. यंत्र बॅटरीवर होतं आणि बॅटरी म्हातारी. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले आणि बॅटरी उतरू लागली. गायिकेचा गायक झाला, गायकाचं अस्वल झालं. एकेक शब्द मैलभर लांबला. साहेब ताठ उभे, कारण गाणं संपलेलं नव्हतं. शेवटी एका मुलीनं पुढे होऊन तबकडी बोटानं फिरवली. तेव्हापासून मी यंत्र वर्ज्य केलं.

उदगीरला एकदा पोलीस बँड आला नाही म्हणून लग्नाचा बँड धरून आणला. त्यांनी गाणं बिनचूक वाजवलं. फक्त क्लॅरनेटवाल्यानं शेवटच्या ओळीला वरातीची लकेर मारली. पुढच्या रांगा सावधान आणि मागे पोरं हात वर करून नाचायला लागली. बँडचा मालक माझे पाय धरायला आला. "गुर्जी, त्याचा काय गुन्हा न्हाई. बोटायला सवय हाय." मी त्याला चार शब्द सुनावले होते. बोटांची सवय म्हणजे काय असते, ते मला फार उशिरा कळलं.

आता बहात्तरच्या दुष्काळाकडे येतो.

त्या वर्षी आमच्या शाळेतली निम्मी मुलं आईबापाबरोबर दुष्काळी कामावर होती. संस्थेनं ठरवलं, की मुलं शाळेत येत नाहीत तर मास्तरांनी कामावर जावं. माझ्या वाट्याला कंधारच्या पलीकडे चाललेलं रस्त्याचं काम आलं. बाभळीखाली मुलं गोळा करायची, पाढे घ्यायचे, गाणी घ्यायची. ऊन असं, की पेटीच्या पट्ट्यांना बोट लावलं तर चटका बसे.

तिथे मी ते गाणं ऐकलं. खडी फोडणारे एका बाजूला आणि रस्त्यावर टाकणारे दुसऱ्या बाजूला, मधे माणसांची लांबच लांब रांग. खडीची पाटी या हातातून त्या हातात जायची. एकजण गायचा, रांग ध्रुवपद म्हणायची आणि ज्या अक्षरावर ठोका पडेल त्या अक्षरावर पाटी हात बदलायची. गाणं चुकलं तर पाटी पायावर.

मन्याड आटली, मांजरा आटली, आटला न्हाई घाम,
घामावरती उभं राह्यलं गावोगावचं काम.

गाणारा माणूस म्हणजे मरिबा. काटकुळा, डोक्याला फडकं, हातात हातोडा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत गावोगाव जलसे करायचा, एरवी मिळेल ते काम. त्याची तान्ही मुलगी, सुजाता, माझ्या वर्गाच्याच बाभळीला झोळीत टांगलेली असायची. ती रडली की मरिबा तिकडून आवाज चढवायचा आणि ती गप्प व्हायची.

दुपारच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "हे कुणाचं गाणं?"

"कुणाचं म्हंजे? माझंच की."

"लिहून ठेवलंय का कुठं?"

"लिवायचं कशाला? शेवटच्या कडव्यात नाव टाकलंय न्हवं." तो हसला. "आता गाणं जिथं जाईल तिथं म्या जातो. तिकिटाबिगर."

आपल्याकडे ही जुनी रीत आहे. रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतो. छापखाना नाही, सही नाही, पण गाणाऱ्याच्या तोंडून ते नाव जातंच. मरिबाचं कडवं असं होतं:

फुटला दगड, झाली वाट, चालत गेला गाव,
मरिबा म्हणे, या वाटेला साऱ्यांचंच नाव.

मी ते पेटीवर काढून बघितलं. चाल अशी सरळ, की मुलांना एकदा सांगितली आणि आली. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुष्काळ सरला. माझी बदली लातूरला झाली. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा होणार असं ठरलं आणि गावात नुसती धांदल उडाली. पाट्या रंगवल्या जात होत्या, कार्यालयांसाठी घरं शोधली जात होती. सोहळ्याच्या समितीनं मला बोलावलं. नव्या जिल्ह्याचं म्हणून एक गाणं हवं होतं, दरवर्षी म्हणता येईल असं. मला एकच गाणं आठवलं.

मरिबाचं गाव अहमदपूर तालुक्यात, कंधारच्या शिवेला लागून. मी गेलो तेव्हा तो अंगणात खाट विणत होता. सगळं ऐकून घेतलं आणि आधी थट्टाच केली.

"म्हंजे माझं गाव लातुरात गेलं आन सासरवाडी जुन्याच जिल्ह्यात राह्यली. आता ही रुसून माहेरी गेली की सांगीन, जिल्ह्याभायेर गेलीय, यायला टाइम लागंल."

आतून त्याची बायको ओरडली, "लातुराला जाऊन तरी सुधरा म्हणावं!"

गाणं द्यायला तो एका पायावर तयार झाला. मधल्या कडव्यात त्यानं नव्या जिल्ह्याचा उल्लेख आणला. तालमीला स्वतः येऊन बसायचा, सुजाताला घेऊन. ती तेव्हा पोलकं-परकरातली पोर, दाराशी उभी राहून ओठ हलवायची.

तालमीला एक साहेब आले. त्यांनी पहिलीच ओळ ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "शुभकार्यात नद्या आटल्याचं कशाला, गुरुजी? नद्या भरल्या असं करा." मी त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, साहेब, समोर बसणारी निम्मी माणसं त्या रांगेत उभी होती. त्यांना भरलेल्या नद्या सांगितल्या तर ती हसतील. साहेबांनी ऐकलं. ओळ राहिली. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे भांडायचं ठरवलं तर मला भांडता येत होतं, हे तुमच्या लक्षात यावं.

साहेबांनी जाताना एकच अट घातली. गाणं दोन मिनिटांत संपलं पाहिजे. ध्रुवपद आणि तीन कडवी तेवढ्यात बसत नव्हती. एक कडवं गाळावं लागणार होतं. कुठलं, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेचे एक संचालक तालमीला आले. मोठा माणूस, बोलायला गोड. मुलांनी पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. शेवटचं कडवं झालं तसे ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "छान आहे. पण मास्तर, हे जिल्ह्याचं गाणं. म्हणजे सगळ्यांनी उभं राहायचं?"

"हो, राहायचं."

"म्हणजे मरिबासाठी आपण सगळ्यांनी उभं राहायचं?"

खोलीत चारपाच जण होते. सगळे हसले. मीही हसलो.

एवढंच झालं. ते पुढे काही बोलले नाहीत. नाव काढा म्हणाले नाहीत, माझी नोकरी घालवू म्हणाले नाहीत. सुपारी तोंडात टाकून निघून गेले. मरिबा त्या दिवशी नव्हता. मी पेटी उघडली आणि मुलांना सांगितलं, उद्यापासून दोनच कडवी. मधलं गाळता आलं असतं. मी शेवटचं गाळलं.

मरिबा आला तेव्हा मी त्याला माझ्या धंद्यातलं खोटं सांगितलं. "मरिबा, तिसरं कडवं मुलांच्या आवाजाला चढतं. वरचा सूर लागत नाही."

 त्यानं मान हलवली. "तुमी म्हंता तर चढत असंल. सुराचं तुमालाच कळतंय."

खरं म्हणजे त्या गाण्यात सगळ्यात खालच्या सुरात फिरणारं कडवं तेच होतं.

सोहळा दणक्यात झाला. मुलं गायली, बशीरभाईंनी दुसऱ्या कडव्यानंतर तिहाई घेतली आणि मैदानभर माणसं एकदम खाली बसली. निवेदकाला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. त्यानं जाहीर केलं, "गीत पारंपरिक, संगीत" आणि पुढे माझं नाव. मी उठून नमस्कार केला. मला दुरुस्ती करता आली असती. माईक हातभर अंतरावर होता.

मरिबा अगदी मागे उभा होता. धुवट फडकं बांधून आला होता, मुलीचा हात धरून. गर्दी पांगल्यावर मला भेटला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"झ्याक झालं, गुर्जी," तो म्हणाला. मग थोडा घुटमळला. "फकस्त एक हाय. माजं नाव गाण्यातच व्हतं, म्हणून म्या ते दुसरीकडं कुठं ठिवलंच न्हवतं."

 सुजाता माझ्याकडे टक लावून बघत होती.

पुढे ते गाणं शाळाशाळांतून पसरलं. कॅसेट निघाली. अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या मेळाव्यापासून कंधारच्या बसस्टँडच्या उद्घाटनापर्यंत ते वाजलं. नांदेडवाल्यांनीही मधलं कडवं आपल्या सोयीनं बदलून घेतलं. कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "पारंपरिक आहे, मी फक्त चाल सावरली." पहिल्यांदा जीभ अडखळली होती. नंतर अडखळेनाशी झाली.

मरिबा वारला तेव्हा मी गेलो नाही. पाठ दुखत होती असं घरात सांगितलं.

सुजाता शिकली, शिक्षिका झाली. पुढे त्याच तालुक्यात मुख्याध्यापिका. तिच्याबद्दल एक गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत हसण्यावारी नेली जायची. राष्ट्रगीताला ती सगळ्यांच्या आधी उभी राहते, पण जिल्ह्याचं गाणं लागलं की खुर्चीत बसून राहते. एका अधिकाऱ्यानं तिला खुलासा मागितला होता. तिनं तोंडावर सांगितलं, गुडघे दुखतात. ते म्हणाले, बाई, पंचविशीतच? ती म्हणाली, आमच्या घरात सगळ्यांनी खडी फोडलीय साहेब, गुडघे लवकरच जातात. तिची वेतनवाढ काही काळ अडकली. ती बसतच राहिली.

लोक हसायचे. मी खाली बघायचो. ती का बसते हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

अलीकडे राज्याला अधिकृत गीत मिळालं. समारंभात ते वेळेत बसावं म्हणून त्याचीही मोजकीच कडवी घेतली आहेत. त्यानंतर आमच्याकडे कुणीतरी काढलं, की मग जिल्ह्याचं गाणंही रीतसर ठरवून टाकू. वर्धापनदिनाच्या सोहळ्यात ते म्हणायचं आणि दगडी पाटीवर कोरून लावायचं. समितीवरच्या एक तरुण अधिकारी मॅडम माझ्याकडे मजकूर दाखवायला आल्या. दोन कडवी आणि खाली, गीत पारंपरिक.

मी त्यांना म्हणालो, "हे पारंपरिक नाही आणि पूर्णही नाही."

"पण गुरुजी, सगळीकडे तसंच छापलंय."

"कारण मी तसं सांगितलं."

"मग खरं काय, याला आधार काय?"

"मी. खोट्याला माझाच आधार होता, खऱ्यालाही मीच आहे. अजून जिवंत आहे तोवर विचारून घ्या."

त्या हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, समितीत काही जणांना बदल नको आहे. तीन कडवी लांबतात, लोक कंटाळतात, वगैरे. शेवटी असं ठरलं, की सोहळ्यात गाणं पूर्ण म्हणायचं. नीट झालं तर पाटीवर तिन्ही कडवी आणि मरिबाचं नाव. फसलं तर आहे तेच कोरायचं.

दगडावर कोरलेलं पुन्हा कोण खोडणार? मी ऐंशीच्या पुढचा. ही एकच संधी होती. मी त्या वयात रोज रिक्षा करून शाळेत जाऊ लागलो आणि मुलं तयार केली. तिसरं कडवं त्यांना पहिल्याच दिवशी आलं.

सोहळ्याआधी मी सुजाताबाईंच्या घरी गेलो. पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेले, बापासारखाच काटक बांधा. त्यांनी चहा केला. मी तिसरं कडवं म्हणून दाखवलं आणि शब्द बरोबर आहेत का विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "पण गुर्जी, आबा सांगायचे, ते पोरांच्या आवाजाला चढतं म्हणून. कसं बसवून राहिलाव मग?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बसवतो कसंतरी. तुम्ही या."

"येईन. पण मी उठत नसते, ठाव हाय ना?"

"ठाऊक आहे."

सोहळ्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. मुलं दोन रांगांत, मी पेटीवर, बशीरभाई ढोलकीवर. त्यांचे हात आता थरथरतात, पण ठोका अजून तसाच. सुजाताबाई तिसऱ्या रांगेत कडेला. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, त्या बसून राहिल्या. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि बशीरभाईंनी तिहाई घेतली.

तालमीत त्यांना पन्नासदा बजावलं होतं, तिहाई इथे नाही, तिसऱ्यानंतर. पण ते हात चाळीस वर्षं तिथेच तिहाई घेत आले होते. तिसरा ठोका पडला आणि सबंध मैदान धपकन खाली बसलं. खुर्च्या करकरल्या. कुणी टाळ्याही सुरू केल्या. ती सवय दुसऱ्या कुणी नाही, मीच लावली होती.

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "हात चले गये, मास्तर," ते पुटपुटले.

मुलं माझ्याकडे बघत होती. समितीतले लोक एकमेकांकडे. मी पेटीचा भाता सोडला नाही. मान हलवली आणि सूर दिला.

मुलांनी उचललं. फुटला दगड, झाली वाट. टाळ्या विरल्या. लोकांना कळेना, की हे काय आता. उठावं की नाही, कुणालाच समजेना. सगळे खुर्चीला चिकटून इकडेतिकडे बघत होते. आणि त्या सगळ्या बसलेल्या मैदानात सुजाताबाई उभ्या राहिल्या. एकट्या. हात मांडीला लावून, मान सरळ.

मुलं म्हणाली, मरिबा म्हणे.

मॅडम उठल्या. मग त्यांच्या शेजारचे. मग मागून कुठूनतरी एक म्हातारा काठी टेकत उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं, हे तर आपलं कामावरचं गाणं हाय!" त्यानंतर मैदान उठलं. मुलांनी ओळ पुन्हा घेतली, मी सांगितलं नसताना. बशीरभाईंनी आता तिहाई घेतली, पण कुणी लगेच बसलं नाही.

गर्दी कमी झाल्यावर सुजाताबाई मंचाजवळ आल्या. मी पेटीला खोळ घालत होतो. वाटलं, आभार मानतील.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "हे चढत न्हाई की."

माझे हात थांबले. "नाही."

"कधी चढत व्हतं?"

"कधीच नाही."

"मग?"

मी सांगितलं. साहेबांनी काय अट घातली, संचालक काय म्हणाले, कोण कोण हसलं, मीही कसा हसलो. बशीरभाई ढोलकी मांडीवर घेऊन ऐकत होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. सुजाताबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "आबा मरेस्तोवर तुमची बाजू घ्यायचे. मी सरकारवर रुसले व्हते, तुमच्यावर न्हाई."

मी हात जोडले. माफी मागू लागलो. त्यांनी मला मध्येच अडवलं.

"माफीचं राहू द्या. मला एकटीला सांगून काय उपेग? मी तर उभी व्हते. जे बसून व्हते त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. माफी त्यांनी दिलेली नाही आणि मी पुन्हा मागितलेली नाही.

पाटी बसली आहे. तिच्यावर तिन्ही कडवी आहेत, खाली मरिबाचं नाव आहे. माझं नाव घालू नका, असं मी सांगितलं होतं आणि ते ऐकलं गेलं. पण जुन्या कॅसेटा अजून गावोगाव आहेत, जुनं छापलेलं अजून शाळाशाळांत आहे. तेव्हा हे गाणं बसवणाऱ्या माझ्या सगळ्या शिक्षक बंधुभगिनींना शेवटची सूचना. पट्टी काळी चार. तिसरं कडवं त्याच पट्टीत घ्या, ते चढत नाही. तिहाई त्याच्यानंतर. तोवर कुणीही बसू नये.